जिन्यावरचा घोडा

आबा, काल तुमच्या पणतूनं तुमच्या घोड्यावर गाणं म्हटलं. जळगावच्या त्याच्या कॉलेजात गॅदरिंग होतं, धुळ्याहून मला मुद्दाम बसनं नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. गाणं म्हणजे आपण म्हणतो तसलं नाही. तीन पोरं, केस मानेवर, एकाची पँट गुडघ्यावर फाटलेली (मी शिवून देते म्हटलं तर म्हणतो आजी, मुद्दाम फाडलीय), आणि ती विजेवरची गिटार अशी वाजते की जिनिंगचं मशीन सुरू झालं म्हणावं. माझ्या शेजारच्या बाईनं कानात बोटं घातली. मी नाही घातली. घोडा जिना चढायला लागला, नवरीनं इंजिनाला हार घातला, दार उघडलं तसा घरात समुद्र आला, हे सगळं तो एकेक करून ओरडत होता आणि पोरं टाळ्या पिटत होती. मला इतका आनंद झाला आबा, की हातातली शेवेची पुडी खाली सांडली.

तुम्ही म्हणाल, चौथी शिकलेली ही, पत्र कशाला लिहिते? पण बोलू कोणाशी? हे तुमच्याशिवाय कोणाला कळणारच नाही.

तो डबा आठवतो ना, डालड्याचा? टुरिंग टॉकीजच्या तंबूत तुम्ही ऑपरेटर, आणि रीळ तुटली की तुटका तुकडा फेकून न देता त्या डब्यात टाकायचे. जत्रा भडगावकडची असो की चोपड्याकडची, डबा तुमच्याबरोबर. म्हातारपणी त्यातलेच तुकडे काढून जोडत बसले. मी माहेरी आले की बघायची. ब्लेडनं कड खरवडायची, औषधाचा थेंब लावायचा, अंगठ्यानं दाबून धरायचं. त्या औषधाला पिकल्या केळीचा वास. मी म्हणायची, आबा, केळी तर चोपड्यात बांधावर पडलीत, तुम्ही डब्यात काय पिकवताय? तुम्ही हसायचे. एकदा विचारलं, हे कुठल्या सिनेमातलं? तर म्हणाले, "कोनताच नही. झोपमा दिसस ना, तसं जोडेल शे." वर्षभर जोडत होते. एकही जोड सुटला नाही तुमचा, कधीच.

आणि मग त्या जत्रेत, दिवे लागल्यावरच्या पहिल्या खेळाला, मुख्य सिनेमाच्या आधी तुम्ही ते लावलं. मालकाला न विचारता. मी बायकांच्या बाजूला बसलेय, शेजारी माझी मोठी नणंद. अक्कानं तेव्हा तिच्या सासरकडचं स्थळ माझ्या लेकीसाठी आणलेलं, बोलणी अर्ध्यात. पडद्यावर घोडा बंगल्याचा जिना चढतोय. इन्स्पेक्टर तोंड उघडतो तर तान्ह्या बाळाचं रडणं. प्रत्येक जोडाला चित्र आधी येतं, आवाज मागून. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग कोणीतरी चप्पल फेकली. अक्का माझ्याकडे वळली. "काय व, हाई काय शे? तुना बाप याडा व्हयी गया का?"

तिच्या आवाजात लग्न मोडलेलं ऐकू आलं मला. वेड रक्तात येतं म्हणतात, वेड्याच्या नातीला कोण करून घेणार? डोळे काय, कोणाचेही जातात. मी म्हटलं, "नही व अक्का. त्यासले दिसत नही. डोया गयात त्यासना. तुकडा कोनता, कयनं नही." तेवढ्यात मालक तरातरा आला, त्यालाही मी तेच सांगितलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुम्ही मशीनजवळ उभे होते. मला वाटलं आता तुम्ही खरं बोलणार. तुम्ही चष्मा काढला, धोतरानं पुसला, खिशात ठेवला आणि म्हणाले, "हा. आते दिसत नही."

तिथून तुमचं मशीन सुटलं. लग्न झालं, थाटात झालं. मांडवात तुम्ही माझा हात धरून चाललात, पायरी आली की थांबायचे, मी सांगेपर्यंत पाय उचलायचे नाही. पुढे दोन वर्षं, जाईपर्यंत, चारचौघांत माझ्याकडून सुई ओवून घेतली. आणि घरात आपण दोघंच असलो की स्वतः ओवायचे, एका झटक्यात, आणि माझ्याकडे बघायचेसुद्धा नाही. एक शब्द बोलले नाही मला. बोलले असते तर बरं होतं.

त्याच लग्नातून झालेला माझा हा नातू. घरात ती गोष्ट हसत सांगतात, आंधळ्या पणजोबांनी चुकून कसा सिनेमा जोडला. दिवाळीत त्यानं मित्राकडे कॅसेटवर कुठला तरी परदेशी सिनेमा पाहिला, त्यात म्हणे असंच, कशाला काही धरबंध नाही. पळत आला. मी वांगी भाजत होते.

"आजी! ते लोक हे मुद्दाम करतात गं! विचार करकरून! आणि आपल्या पणजोबांनी नुसतं चुकून केलं!"

वांग्याचं साल काढता काढता बोटं भाजली माझी, तरी मान वर केली नाही. म्हटलं, हो का? त्या सिनेमावरून त्यानं गाणं केलं, त्यात तुमचं सगळं घातलं. ढोलसुद्धा एक ठोका मागून वाजतो, तुमच्या सिनेमातल्या आवाजासारखा. आणि मध्येच एक ओळ, तीनदा म्हणतात, आंधळ्या हातांनी जोडलं सारं. काल तिन्ही वेळा पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उचललेच गेले नाहीत.

रविवारी गाण्याची कॅसेट भरायची आहे. आज सकाळी म्हटलं, बाळा, ती ओळ काढून टाक. का गं आजी? म्हटलं, चालीत बसत नाही. इतका हसला! "आजीला चाल कळायला लागली!" पण काढली. आता त्या जागी नुसती गिटार वाजते. खरं काय ते मात्र नाही सांगितलं. तोंडापर्यंत आलं होतं, मग म्हटलं, भूक लागली का रे?

हे पत्र डालड्याच्या डब्यात जाईल. अजून आहे तो, घोड्याचा तुकडाही आहे, केळीचा वास मात्र गेला. एकच सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तंबूत मी पदर तोंडाला लावून बसले होते, अक्काला वाटलं लाजेनं रडतेय. तुम्हीही मशीनजवळून पाहिलं असेल आणि तुम्हालाही तसंच वाटलं असेल. मी हसत होते आबा. इन्स्पेक्टर रडला तेव्हा मला हसू आवरेना. तुम्ही ते पुन्हा एकदा लावावं असं वाटत होतं मला.