ढगला दिलेलं विमान

४ जानेवारी

हे इतिहासकार झाले. काल रात्रीपर्यंत पेन्शनर होते, आज सकाळच्या चहापासून इतिहासकार.

हवाई दलातली आपली स्क्वाड्रन मोडीत निघाली, विमानं भंगारात गेली, पण इतिहास उरला पाहिजे— असा माजी अधिकाऱ्यांच्या मंडळाने ठराव केलाय. मार्चमध्ये मेळावा, त्यात पुस्तकाचं प्रकाशन. लिहायचं ह्यांनी, कारण "भाषा ह्यांची चांगली". म्हणजे नोकरीत असताना सगळ्यांच्या निरोपाची भाषणं हे लिहून द्यायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून टाईप करायचं मी. मला कोणी विचारलं नाही. "टायपिंगची घरचीच सोय आहे," असं हे फोनवर सांगताना ऐकलं. सोय म्हणजे मी.

७ जानेवारी

पहिलं प्रकरण. "गगनाला गवसणी घालणाऱ्या गरुडांची ही गौरवगाथा—"

"अहो, एका वाक्यात किती ग?" म्हटलं.

"तू टाईप कर."

केलं. स्क्वाड्रनच्या चिन्हावर गरुड होता हे खरं. पण रंगवणाऱ्याने तो असा काढला होता, की आम्ही बायका त्याला कोंबडी म्हणायचो. हे घालू का, विचारलं. नको म्हणाले.

स्क्वाड्रन उभी राहिली तेव्हा दुसऱ्यांनी वापरून टाकलेली विमानं पदरात पडली होती. ह्यांच्या भाषेत "अनुभवी विमानं". असं लिहायला खरंच डोकं लागतं, मान्य आहे.

११ जानेवारी

युद्धाचं प्रकरण. अख्ख्या युद्धात आपल्या स्क्वाड्रनने शत्रूचं एक विमान पाडलं. एकच, पण पाडलं. आज भोंगा येऊन गेला. हा ह्यांच्या बरोबरीचा वैमानिक. इंजिनांच्या आवाजाने कान गेले, तेव्हापासून कुजबुजला तरी गल्लीला ऐकू जातं. त्याचं म्हणणं, विमान त्याने पाडलं. परवा जे दोघे आले होते त्यांचंही हेच म्हणणं. प्रत्येकाने टेबलावर हाताची विमानं करून दाखवली. साखरेचं भांडं तीन वेळा पडलं.

१२ जानेवारी

आज चौथा आला. भांडं आधीच उचलून ठेवलं.

१३ जानेवारी

ह्यांनी तोडगा काढला— "स्क्वाड्रनने विमान पाडलं." माणूस नाही, नाव नाही, आपोआप पडलं. ह्यांना राजकारणात जायला हवं होतं.

१८ जानेवारी

फोटो काढायला चौकात गेलो. स्क्वाड्रनचं एकच विमान भंगारातून वाचलं, ते तिथे चौथऱ्यावर नाक वर करून उभं केलंय. शेपटाला काळे चष्मे लटकवून एक जण विकत बसला होता. ज्या तोंडातून हवा आत जायची तिथे पक्ष्यांचा संसार.

हे रस्ता ओलांडून थेट गेले, पाय जुळवले आणि सलाम ठोकला. वाहतूक पोलिसाने शिट्टी मारली, कारण मध्ये सिग्नल होता. चष्मेवाल्याने विचारलं, "आजोबा, घेणार का?" ह्यांनी एक घेतला. घरी येईपर्यंत घालून बसले होते. मला हसू येत होतं. मग बाजूने पाहिलं, गालावर ओलं होतं.

२३ जानेवारी

आज कामाला आडवी आले.

अपघाताचं प्रकरण. प्रकरण कसलं, एक वाक्य. "पाहुण्यांसमोरील प्रात्यक्षिकात वैमानिकाच्या चुकीमुळे एक तरुण अधिकारी आपण गमावला."

मी हात उचलले. मेसमधल्या नव्या बिलियर्ड टेबलाला चार पानं दिली, आणि ढगला एक ओळ? तीही बिननावाची?

ढग— आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचा. बोलता बोलता कुठेतरी हरवायचा, म्हणून ढग. मागच्या दाराने यायचा, "वहिनी, काही उरलंय?" म्हणत भांड्यांची झाकणं उघडायचा. बेसूर गायचा आणि कोणी हसलं की आणखी मोठ्याने गायचा. त्या दिवशी आम्ही बायका अंगणात उभ्या होतो. वरून जाणारी विमानं आम्ही आवाजावरून मोजायचो. सगळ्याच मोजायच्या, बोलायची कोणी नाही. एक आवाज मध्येच थांबला. ढगची बायको माझ्या शेजारी होती. कडेवर मुलगी.

"हे मी टाईप करणार नाही," म्हटलं.

"चौकशीचा निकाल आहे तो. मी मनाचं लिहीत नाहीये."

"मग निकालालाच सांगा टाईप करायला."

२४ जानेवारी

हे स्वतः टाईप करतायत. एका बोटाने. दुपारपर्यंत 'ळ' सापडला नव्हता. मला माहीत होतं कुठे आहे.

२८ जानेवारी

माझी समजूत घालायला मंडळाने माणसं पाठवली. आधी भोंगा.

बैठकीत ताठ बसून म्हणाला, "वहिनी, चौकशी झाली, निकाल लागला. आता मढी उकरून काय मिळणार?" हे मान हलवत होते. मी आत चहा टाकायला गेले तर पाणी प्यायच्या निमित्ताने हा माझ्यामागे स्वयंपाकघरात. आणि आवाज खाली आणला. भोंग्याने! मला वाटलं चक्कर येतेय की काय ह्याला.

"त्या विमानाचं इंजिन वर गेल्यावर मध्येच बंद पडायचं, वहिनी. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

"मग हे बैठकीत येऊन सांगा."

त्याने पाणी संपवलं आणि बैठकीत जाऊन म्हणाला, "वहिनींना पटतंय हळूहळू."

२९ जानेवारी

आज टाचणी. हा विमानं दुरुस्त करणाऱ्या विभागाचा अधिकारी होता, तेव्हाही काडीसारखा, आताही. बैठकीत तेच— निकाल, शिस्त, स्क्वाड्रनची अब्रू. मग "कप ठेवायला" आत आला.

"मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, हे विमान उडवू नका."

"आणि चौकशीत काय सांगितलंत?"

"मला हवामान विचारलं. हवामान चांगलं होतं."

म्हणजे आमच्या घरात दोन इतिहास लिहिले जातायत. एक बैठकीत, गरुडांचा. दुसरा गॅसच्या शेगडीपाशी, हलक्या आवाजात. मधे फक्त एक पडदा आहे, आणि तो ओलांडला की माणसाची जीभ बदलते.

"बैठकीत सांगाल?" म्हटलं.

"वहिनी, चहा फक्कड झालाय," म्हणाला आणि गेला.

३१ जानेवारी

ह्यांना सरळ विचारलं, "विमान खराब होतं, हे तुम्हाला माहीत होतं का?"

पेपर उघडून बसले. मोतीबिंदू झालेला माणूस तासभर अग्रलेख वाचत होता.

५ फेब्रुवारी

ढगच्या बायकोचा फोन. पुस्तकाचं कळलंय तिला. "त्याचा एक चांगला फोटो आहे ताई, आठ तारखेला घेऊन येते." शाळेत मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त झालीय. आवाजात अजून पट्टी आहे.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मला त्या दिवशी बँकेत जायचंय." म्हटलं, "रविवार आहे."

८ फेब्रुवारी

ती आली. सरळ स्वयंपाकघरातच आली, पूर्वीसारखी. फोटो टेबलावर ठेवला. ढग विमानाच्या शिडीवर, भलतीकडेच बघतोय.

म्हणाली, "चुकीने गेला असं लिहिणार असाल तर लिहा. फक्त नाव घाला. चूक त्याची नव्हतीच तशी, माझी होती."

मला कळेना. मग तिने सांगितलं. त्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. एका कपाटावरून— ते भिंतीपासून सरकवायचं होतं आणि ढग रोज उद्यावर ढकलत होता. ती वाटेल ते बोलली. तो न खाता गेला. नंतर चौकशीवाले घरी आले, मऊ आवाजात म्हणाले, घरी काही ताण होता का? तिने सांगितलं, हो, भांडण झालं होतं. त्यांनी ते उतरवून घेतलं. वैमानिकाचं मन थाऱ्यावर नव्हतं, असा निकाल लागला.

म्हणजे त्या अख्ख्या चौकशीत खरं बोललेलं माणूस एकच, आणि निकाल तिच्याच डोक्यावर फुटला.

"त्यानंतर मी कुणाशी भांडले नाही, ताई. शाळेत नाही, सासरी नाही. मुलीने मनाविरुद्ध काही केलं तरी नाही. भीती वाटते, मी बोलेन आणि माणूस परत यायचं नाही."

मी मागे पाहिलं. हे पडद्यापाशी उभे. केव्हापासून, देव जाणे.

"अहो, आत या," म्हटलं. "बैठकीत नाही. इथे बसा."

हे स्टुलावर बसले. भाजी निवडताना मी बसते त्या. खूप वेळ गुडघे चोळत होते. मग म्हणाले, "विमान खराब होतं. टाचणीने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी मोठ्या साहेबांना सांगितलं."

मोठे साहेब म्हणजे तेव्हाचे स्क्वाड्रनचे प्रमुख. आताचे मंडळाचे अध्यक्ष.

"ते म्हणाले, उद्या पाहुणे आहेत, एकही विमान जमिनीवर दिसता कामा नये. कुणी कुठलं विमान उडवायचं ते मी ठरवायचो."

ती म्हणाली, "मग ते ह्यालाच का दिलंत?"

"तो कुरकुर करत नसे. बाकीच्यांनी वाद घातला असता."

बास. एवढंच. मला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की काहीतरी होईल, निदान कोणी रडेल. शेगडीवर दूध उतू गेलं, ते मी पुसलं.

तिने विचारलं, "माझ्या मुलीच्या लग्नात तुम्ही तिच्या वडिलांच्या जागी उभे राहिलात, भाऊजी. तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तिने चहा संपवला. कप धुऊन पालथा घातला. फोटो पर्समध्ये परत ठेवला. "ह्या पुस्तकात नको," म्हणाली. दारापर्यंत मी गेले. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

९ फेब्रुवारी

ह्यांना टोमणा मारायला तोंड उघडलं आणि काही सुचलं नाही. चाळीसेक वर्षांच्या संसारात असं झालं नव्हतं. मीही त्या मुलीला मांडीवर घेऊन बसायचे की. मीही कधी ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? नसतं. पण विचारायला काय झालं होतं मला?

१० फेब्रुवारी

हे मला म्हणाले, "बस. टाईप कर." ढगचं प्रकरण सांगितलं. एकही ग नाही. गरुड नाही. "विमान खराब आहे हे मला माहीत होतं. तरी मी ते त्याला दिलं." मोठ्या साहेबांचं नाव घातलं, टाचणीचं घातलं, सगळ्यात आधी स्वतःचं घातलं. मध्ये एकदा उठून तोंड धुऊन आले. मी एकही शब्द बदलला नाही. बदलण्यासारखा नव्हता. तसंच मंडळाला पाठवलं.

१४ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांचा फोन. इकडची बाजू तेवढी ऐकू आली. "हो सर... वाचलंत ना सर... नाही सर." मग "नाही सर." परत. "नाही सर."

ह्या माणसाच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा 'नाही सर' ऐकलं. उभे राहूनच बोलत होते, सवय. ठेवल्यावर म्हणाले, "इतिहास आता भोंगा लिहिणार."

"त्याला लिहिता कुठे येतं?"

"म्हणूनच."

१६ मार्च

मेळावा झाला. आम्हाला बोलावणं नव्हतं. टाचणीने एक प्रत आणून दिली आणि पायरीवरूनच पळाला.

ह्यांना वाचून दाखवली. शत्रूचं विमान अखेर पडलं— भोंग्याने पाडलं. बिलियर्ड टेबलाला आता सहा पानं आणि एक रंगीत फोटो. अपघाताचं वाक्य शोधलं. नाही. पुन्हा शोधलं. वैमानिकाची चूक काढून टाकलीय, वैमानिकासकट. छापील इतिहासाप्रमाणे ढग स्क्वाड्रनमध्ये आलाच नाही, त्यामुळे मेलाही नाही. कोणाला दोष लागायला नको. मोठ्या साहेबांची प्रस्तावना आहे, तिचं नाव "सत्याला स्मरून".

हे म्हणाले, "शेवटपर्यंत वाच."

"वाचलं. संपलं."

"बरं," म्हणाले, आणि बाल्कनीत जाऊन बसले.

२ एप्रिल

ह्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "तू म्हातारी झालीस की." म्हटलं, परत बांधा पट्टी.

२१ एप्रिल

ढगच्या बायकोने चौकशी पुन्हा उघडायला लावलीय. नोटीस आज आली. तिच्या अर्जात दोषी म्हणून पहिलं नाव मोठ्या साहेबांचं, दुसरं ह्यांचं. साक्षीदार एकच— मी.

ह्यांनी नव्या डोळ्याने सगळं वाचलं, घडी घालून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "जे ऐकलंस तेवढंच सांग. तिखटमीठ लावू नकोस."