दुसरी घागर

१६ जानेवारी १९४९, रनाळे
पेपर आला. लष्कराचा प्रमुख आता आपला माणूस. फोटो कापून खळीने घरच्या भिंतीवर चिकटवला. वर्गात सांगितलं, घटना झाली की राष्ट्रपतीही आपलाच. पोरांनी टाळ्या पिटल्या.
घरी भिकाच्या आईने फोटो निरखला.
"आपला शे ना तो? मंग इचारा त्याले, मन्हा भिका कोठे शे."
काश्मिरात आमचा भिका बेपत्ता, ही तार दिवाळीनंतरची. आता लढाई थांबली, पोरगा नाही.

९ मार्च
नंदुरबार स्टेशनावर एका जनरलची गाडी थोडा वेळ थांबणार होती. हिने दशम्या बांधून दिल्या. विचारल्याशिवाय येऊ नका म्हणाली.
गर्दी मरणाची. घुसलोच. भिकाचं नाव सांगितलं, पलटण सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. लोकांनी जयजयकार केला आणि मी मूर्खासारखा हात जोडून हसत उभा. फार अभिमान वाटला तेव्हा.
परतताना बैलगाडीत डोक्यात उजेड पडला. बेपत्ता पोराच्या बापाला कोण हार घालतं?

१० मार्च
"काय सांगं त्यासनी?"
"काहीच नाही."
"मंग हार कसाना?"
भिकाच्या आईने हार बैलांपुढे टाकला.
गावाने मात्र ठरवून टाकलं, भिका देशासाठी गेला. पाटील येऊन माझ्या पाया पडले. नको वाटलं.

२७ एप्रिल
आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर. कुंभारीण पितरांच्या घागरी घेऊन आली. आमची दरसाल एकच, माझ्या वडिलांची. तिने दोन उतरवल्या.
"औंदा दोन लागतीन ना, गुरुजी?"
बिचारी मायेनेच म्हणाली. परत ने म्हणणार होतो. भिकाची आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे."
म्हणजे हिनेही मानलं? विचारवलं नाही.

आखाजी
वडिलांची घागर पुजली, अग्नीत घास दिला. दुसरीला हात लावेना. रडलो.
हिनेच ती भरली, उचलली. वाटलं, आता वडिलांच्या शेजारी मांडणार. ती दारातून बाहेर गेली, घागर ओट्यावर ठेवली. वर पेला.
"लांबथीन येई. तहान लागनी व्हई त्याले."
भिंतीवरचा लष्करप्रमुखाचा फोटो काढून टाकू का, विचारलं.
"ऱ्हाऊ द्या. भिका कोठे शे ते त्यानी आजून सांगं नही."
दिवसभर येणारे-जाणारे पाणी पिऊन गेले. संध्याकाळी पाहिलं, घागर अर्धी.
पुन्हा भरली. या खेपेला मी.