सात पानं

प्रिय शंकासूर,

तुझं चार ओळींचं पत्र येऊन वीस दिवस झाले. माझ्या गुडघ्यांची चौकशी पहिल्या ओळीत आणि स्वतःचं संकट मागाहून, हा तुझा जुनाच स्वभाव. एकवीस तारखेला समिती बसणार आणि तुला विद्यापीठात कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार, हे वाचलं आणि पत्र टेबलाच्या खणात ठेवलं. रोज खण उघडते, उत्तर लिहायला कागद घेते आणि मग जर्नलकडे छापायला आलेला कुणाचा तरी पेपरच तपासत बसते. गुडघे बरे नाहीत. ऑफिसचा दुसरा मजला आता चौथा वाटतो. थकले गं.

इथली बातमी म्हणजे मी संपादन करते त्या आपल्या गणिताच्या जर्नलचा आकडा. त्याला मोठं भारदस्त नाव आहे, पण ऑफिसात आम्ही नुसतं आकडाच म्हणतो. गेल्या दोन वर्षांत आपण छापलेल्या पेपरांचा इतरांनी यंदा किती वेळा उल्लेख केला ते मोजायचं आणि पेपरांच्या संख्येने भागायचं. चौथीतलं पोर करील असा भागाकार, पण त्यावर ग्रंथालयं जर्नल घेतात आणि माणसांच्या बढत्या ठरतात. आपला आकडा शून्य पूर्णांक एकेचाळीस, म्हणजे एका पेपरमागे अर्धा उल्लेखसुद्धा नाही. गणितात माणसाला पेपर वाचायलाच दोन वर्षं लागतात, पटायला आणखी तीन, हे मी प्रकाशकांच्या मॅनेजरना सात वर्षं सांगतेय. त्यांनी आजवर एकही पेपर उघडून पाहिलेला नाही, उंटावरून शेळ्या हाकण्यात मात्र हातखंडा. दर तिमाहीला येतात, खाली घसरणारी एक रेघ दाखवतात आणि चहा संपवून म्हणतात, बाई, तुम्ही हुशार आहात, काहीतरी मार्ग काढा.

मी मार्ग काढले. आधी जर्नलची कक्षा बदलली. माझ्या आधीच्या संपादकांच्या वेळी मुखपृष्ठाच्या आत एकच ओळ असायची, की गणित बरोबर असावं आणि नवं असावं. आता तिथे अकरा ओळी आहेत. नंबर थिअरी या शाखेला मी दार लावलं, कारण ती मंडळी चाळीस वर्षांपूर्वीच्या पेपरांचे उल्लेख करतात आणि त्याचा आकड्याला काडीचा उपयोग नाही. ज्या विषयांत लोक भराभर लिहितात ते विषय आत घेतले. एका म्हाताऱ्या गणितज्ञांनी बारा वर्षं खपून लिहिलेला पेपर मी ‘आमच्या कक्षेबाहेर’ एवढ्या दोन शब्दांवर परत केला. त्यांनी उलट आभाराचं पत्र पाठवलं. ते अजून खुपतं.

तुला आठवतं का, मी फळ्यावर ‘हे उघड आहे’ असं लिहिलं की तुझा हात वर जायचा. बाई, उघड कसं? मागच्या बाकावरची मुलं कपाळाला हात लावायची. एकदा तर अख्खा तास त्यात गेला आणि शेवटी कळलं की चूक पुस्तकातच आहे आणि मी ती अकरा वर्षं बिनदिक्कत शिकवतेय. त्या दिवसापासून तू शंकासूर झालीस. वर्गात मी तुझ्यावर डाफरले होते, पण घरी जाताना बसमध्ये हसू आवरेना. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्या प्रमेयाचाही वाटला नव्हता.

म्हणून तुझा पेपर आला तेव्हा मी तो आधी बाई म्हणून वाचला. मधली अवघड पायरी तू सात पानांत सिद्ध केली होतीस आणि त्या सात पानांत एकदाही ‘उघड आहे’ नव्हतं. मग मी संपादकाच्या खुर्चीत बसले आणि तुला ते पत्र लिहिलं. ही सात पानं काढून टाक, त्या पायरीसाठी आपल्याच जर्नलमधल्या गेल्या वर्षीच्या पेपरचा हवाला दे, शिवाय आपलेच आणखी तीन ताजे पेपर यादीत घाल. आकड्याला चार उल्लेख मिळाले. असं पत्र तुला एकटीलाच गेलं असंही नाही. मजकूर तयारच असतो, नाव तेवढं बदलायचं. तू आठ दिवसांत पेपर बदलून पाठवलास आणि सोबत एक ओळ लिहिलीस, बाई, तुम्ही म्हणता म्हणजे ठीकच असेल.

तो गेल्या वर्षीचा पेपर मी घाईने छापला होता. जानेवारीच्या अंकात गेला की उल्लेख गोळा करायला पूर्ण वर्ष मिळतं, म्हणून परीक्षकांना जेमतेम दहा दिवस दिले. यंदा त्यात चूक सापडली आणि लेखकाने सरळ मनाने तो मागे घेतला. त्याच्या आधारावर उभं असलेलं तुझं प्रमेय आडवं झालं. हिने दुसऱ्याचं न तपासता उचललं, असं लोक म्हणू लागले. ‘माझी स्वतःची सिद्धता आधीपासून आहे’ असं तू सांगितलंस, तर म्हणे, आता मागाहून जुळवली असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझं पत्र तू समितीपुढे ठेवलं असतंस तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. तू ठेवलं नाहीस. उलट चौथ्या ओळीत मलाच धीर देतेस, तुमचं ते पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही, काळजी करू नका. खरं सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. नंतर त्या हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली की वीस दिवस तुला ‘प्रिय’ एवढंही लिहिता आलं नाही.

परवा ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं. तुझी पहिली प्रत तिथेच होती, आवक तारखेच्या शिक्क्यासकट. सातही पानं ओळ न् ओळ तपासली. बरोबर आहेत. ती प्रत आणि माझ्या सहीचं ते पत्र घेऊन मी काल तीन तास बसने तुझ्या विद्यापीठात आले, समितीच्या अध्यक्षांच्या हातात दोन्ही दिलं आणि पोच घेतली. ती सोबत जोडलीय. जाताना तुझ्या खोलीवरून गेले. आत खडूचा आवाज येत होता. दाराशी उभी राहिले, पण हात कडीपर्यंत गेला नाही, म्हणून हे पत्र. पुढच्या अंकात तुझी सात पानं छापतेय आणि ती कुणी काढायला लावली तेही माझ्या नावानिशी छापतेय. मॅनेजर म्हणतात, असं केलंत तर जर्नलला आकड्याच्या यादीतूनच काढतील. काढू देत. कक्षेच्या अकरा ओळी खोडून ती जुनी एक ओळ परत घातली आणि मग राजीनामा लिहिला. आता एकच मागणं. एकवीसला तुला विचारतील, दुसऱ्याचं न तपासता का घेतलंस? तेव्हा मला वाचवायला जाऊ नकोस. सांग त्यांना, की आयुष्यात एकदाच मी हात वर केला नाही, कारण फळ्यापाशी माझ्या बाई होत्या.

तुझीच,
बाई