सात मार्चच्या रात्री घरात कोण होतं

पोरिरुआ
१२ मार्च २००६

ती. आईंस,

नीलांबरीचा नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. मेतकुटाची पुडी मात्र पोचली नाही. इथल्या तपासणीत बियाण्यांचा संशय आला असावा. पाकिटात फक्त वास आला. तो सिद्धीला दिला. ती म्हणाली, "स्मेल्स लाइक आजी."

तुमच्या गुडघ्याचं काय? जिना टाळा म्हणजे टाळा. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला स्नेहलतावन्सं येतातच ना? त्यांच्या लेकीच्या परीक्षेचंही कळवा.

परवा होळी. इथे हिवाळ्याच्या तोंडावर होळी येते हे मला नऊ वर्षांतही सवयीचं झालेलं नाही. पुरण घालणार आहे. सिद्धी पोळीला जॅम लावते, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते. नोव्हेंबरात आलात की तुम्हीच तिला काय ते सांगा. तुमची खोली तयार आहे. खिडकीतून खाडी दिसते.

मंगळवारी, सात तारखेला, इथे जनगणना झाली. तुम्ही एकाहत्तर साली शाळा सुटल्यावर कराडात मोजणीला घरोघर फिरलात. इथे सगळा देश एका रात्रीत मोजतात. आधी घरोघर फॉर्म देऊन जातात. त्या रात्री जो ज्या छपराखाली झोपला तो तिथला, पाहुणा असला तरी. चूल कुणी विचारत नाही. मला तुमच्या गोष्टीतले, कराडच्या शनिवार पेठेतले ते दोन भाऊ आठवले. मध्ये पडदा, बोलणं बंद, पण थोरल्याची बायको दोघांचं एकत्र रांधायची. तुम्ही एकच कुटुंब लिहिलंत. पर्यवेक्षक म्हणाले, "बाई, ही दोन कुटुंबं आहेत." तुम्ही म्हणालात, "भाकरी एका तव्यावरची आहे, साहेब. भांडणाचा रकाना मला दिसला नाही." ही गोष्ट मी आमच्या जनगणनेच्या ऑफिसात सांगितली. सगळे हसले. आमचे साहेब म्हणाले, या बाई आपल्याकडे हव्या होत्या.

फोनवर तुम्ही विचारलं होतंत की जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत, विमानतळावर येणारा-जाणारा कार्ड भरतो, मग पुन्हा माणसं मोजायची कशाला. डेन्मार्कसारख्या देशात नोंदींवरूनच मोजतात, दारात कुणी जात नाही. इथे अजून तसं नाही. जनगणनेनंतर थोडी घरं निवडून माणसं पुन्हा जातात आणि नव्यानं विचारतात: त्या रात्री इथे कोण होतं? मग ते उत्तर आणि आधीचा फॉर्म शेजारी ठेवून बघायचं. कोण सुटलं, कोण दोनदा आलं. त्यावरून देशभराचा अंदाज बांधतात. त्यात पुढे जन्म मिळवायचे, मृत्यू वजा करायचे, आलेले-गेलेले धरायचे. दोन फॉर्मांतली माणसं जुळवणारा प्रोग्रॅम यंदा मी लिहिला आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता. तीन गोष्टींवर माणूस सापडतो.

चारुदत्त सिद्धीला पोहायला घेऊन गेला आहे. त्याच्या दोन ओळी पुढच्या पत्रात. कुकर लावायची वेळ झाली म्हणून इथेच थांबते.

तुमची सून,
नीलांबरी


पोरिरुआ
२३ एप्रिल २००६

ती. आईंस,

नमस्कार. तुमचं पत्र गुरुवारी आलं. गुडघ्याला शेक बरा वाटतोय हे वाचून बरं वाटलं. पाडव्याला इथल्या मराठी मंडळींनी हॉल घेतला होता. श्रीखंडाच्या चक्क्यासाठी एका बाईंनी दही पायमोज्यात बांधून टांगलं होतं, धुतलेल्या, असं त्या म्हणाल्या. मी खाल्लं.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत, "चारूनं पत्राखाली दोन ओळी लिहायच्या का सोडल्या? चार पत्रं झाली." मला वाटलं होतं तुम्ही मोजत नसाल. तुम्ही प्रगणक होतात हे मी विसरले.

पाडव्यानंतरच्या शनिवारी सकाळी दार वाजलं. साठीची एक बाई. तिनं न सांगता जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दारात काढल्या. इथल्या रीतीचा नमस्कार करत म्हणाली, "किया ओरा. मी जोन. तुमचं घर निवडलं गेलं आहे." मी ज्या पाहणीचं काम करते तीच पाहणी. हजारो घरांतून माझं निघालं. मी चहा ठेवला. सिद्धी टेबलावर चित्र काढत होती.

जोननं विचारलं, "सात मार्चच्या रात्री या घरात कोण कोण होतं?"

मी म्हटलं, "तिघं. मी, मुलगी, माझा नवरा."

सिद्धीनं मान वर केली नाही. म्हणाली, "नो, मम्मा. डॅड वॉज ॲट हिज प्लेस. इट वॉज अ ट्यूसडे."

जोननं पेन थांबवलं. माझ्याकडे बघितलं नाही, चित्राकडे बघितलं. "हा व्हेल आहे का गं?" सिद्धी म्हणाली, "इट्स अ बस."

आई, चारुदत्त नोव्हेंबरपासून इथे राहत नाही. लोअर हटला त्यानं एक खोली घेतली आहे. डोंगर ओलांडला की वीस मिनिटांवर. दुसरं कुणी नाही, त्याच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. मारझोड नाही, दारू नाही. तुम्ही हे आधी विचाराल म्हणून आधी लिहिते. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी फक्त कामाचं बोलत होतो. दूध आहे का, गाडी कोण नेणार. मग तेही चिठ्ठीवर आलं. एक दिवस तो म्हणाला, "मी जाऊ का?" मी म्हटलं, "जा." एवढंच झालं. याहून मोठं काही तुम्हाला सांगता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

रविवारी तो येतो. सिद्धीला पोहायला नेतो, परत आला की इथूनच तुम्हाला फोन लावतो. म्हणून तुम्हाला मागे कुकर ऐकू येतो. जाताना आठवड्याचे डबे घेऊन जातो. आमटी, भाजी, चाळीस पोळ्या. त्या मी त्याच्यासाठी करते की सवयीनं, मला ठाऊक नाही. त्यानं सांगितलं होतं, "आईला मी सांगेन, तू नको." पाच महिने मी त्या वाक्याआड बसले.

जनगणनेच्या रात्री मी फॉर्म घेऊन बसले. सिद्धी झोपली होती. नियम मला माहीत आहे, मी तो दुसऱ्यांना समजावते. तरी मी त्याचं नाव लिहिलं. जन्मतारीख, शिक्षण, पगार, सगळं. म्हटलं, जेवण माझ्या तव्यावरचं आहे. बँकेत, डॉक्टरकडे, करखात्यात, गाडी चालवायच्या परवान्यावर त्याचा पत्ता अजून हाच आहे. फक्त तो इथे झोपत नाही. आणि इथे तेवढंच विचारतात.

जोनला मी म्हटलं, "ती बरोबर सांगते. तो इथे नव्हता. पण मी त्याचा फॉर्म भरला."

ती म्हणाली, "मग दुसऱ्या कुठल्या पत्त्यावरही त्याचा फॉर्म भरला गेला असेल का?" हा प्रश्न छापलेला असतो. मी लोअर हटचा पत्ता सांगितला. तिनं लिहून घेतला. उठताना म्हणाली, "अशी घरं हीप्स आहेत, ढिगानं, लव्ह. म्हणून तर मला पाठवतात."

सोमवारी साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या घराची जोडी दुसरं कुणी तरी बघेल." आणि मग, "तू ठीक आहेस ना?" मी हो म्हटलं. खुर्चीवर येऊन बसले आणि तासभर काहीच टाइप केलं नाही. प्रोग्रॅम त्याला शोधेल. एक नाव, एक जन्मतारीख, दोन पत्ते.

काल चारुदत्तला फोन केला. म्हटलं, मी आईंना लिहिते आहे. तो म्हणाला, "आई दोष देईल." मी म्हटलं, "देऊ दे." तो म्हणाला, "तसं नाही, ती मला देईल." मग आम्ही दोघंही हसलो. पुष्कळ दिवसांनी. त्यातून काही अर्थ काढू नका, आई. मीही काढत नाही.

पण मला भीती तुमच्या रागाची नाही. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मला ताप होता. माझी आई कधीच गेलेली. तुम्ही रात्रभर उशाशी पेपर तपासत बसलात आणि सकाळी म्हणालात, "तिसरीतल्या मुलांपेक्षा तू कमी त्रास दिलास." तेव्हापासून तुम्ही माझ्या आहात असं मी धरून चालले आहे. हे चारुदत्तमार्फत होतं की थेट, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. आता विचारावं लागतंय.

तुमच्या व्हिसाचा अर्ज सोबत पाठवते आहे. चारुदत्तच्या सह्या झाल्या आहेत. इथे कुठे उतरणार, तो रकाना मी कोरा ठेवला आहे. लोअर हटची खोली लहान आहे, पण तो तुम्हाला पलंग देईल आणि स्वतः खाली झोपेल. तो तुमचा मुलगा आहे, तुम्ही तिथे उतरलात तर मी वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही.

त्याचा पत्ता अर्जाच्या मागे पेन्सिलीनं लिहिला आहे. माझा तुम्हाला पाठ आहे. रकाना तुम्ही तुमच्या हातानं भरा.

वाट पाहते.

तुमची,
नीलांबरी