पंचशीला विसरली नव्हती

इंदूर,
१४ नोव्हेंबर १९९३

सौ. शांताताई,

सप्रेम जयभीम. नात अंग धरू लागलीय. यांची मिल बंद झाली ती झालीच. दिवसभर तिलाच मांडीवर घेऊन बसतात. तुमच्या जावयाला, रत्नपालला, पीथमपूरच्या नव्या कारखान्यात काम लागलंय.

तुम्ही पंचशीलाला लिहिलेलं पत्र तिने मला वाचायला दिलं. "एक गोळी लक्षात राहत नाही, लेकरू काय सांभाळशील?" त्याचं उत्तर तिने नाही, मी द्यायला हवं. म्हणून मी लिहितेय.

बाळंतपणानंतर तिला दूध आलं नाही. डोकं ठणकायचं, उठली की चक्कर. मी म्हणायची, कामाला नको म्हणून नाटक. मग एक दिवस ती दाराच्या चौकटीवर धडकली. बाजूचं दिसतच नव्हतं तिला. स्कॅनमध्ये मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी फुगलेली दिसली. गाठच म्हणाले, ऑपरेशनचा दिवसही ठरला. पण मोठ्या डॉक्टरांनी बाळंतपणाचं सगळं विचारलं, रक्त तपासलं, म्हणाले, "थांबा. मला ही गाठ नाही, सूज वाटते. बाळंतिणीला होते कधीकधी." स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत." माझ्यासमोर बजावलं.

पंधरा दिवसांत ठणका उतरला, नजर आली. चेहरा मात्र सुजला. शेजारच्या सुनंदाबाई म्हणाल्या, "जहर असते हो ही गोळी. बहूची सूरत तर पहा!"

ताई, गोळ्या मी लपवल्या. तिला सांगितलं, डॉक्टरांनीच बंद करायला सांगितल्यात.

तिसऱ्या दिवशी उलट्या, अंग गार. दवाखान्यात डॉक्टर ओरडले, "गोळ्या कुणी बंद केल्या?" मी म्हटलं, "तीच विसरली." इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. संध्याकाळी तिने डोळे उघडले तर रत्नपाल तिलाच रागावला. ती माझ्याकडे बघत राहिली. माझं नाव मात्र सांगितलं नाही. तुम्हालाही त्यानेच तसं कळवलं.

काल मी त्याला खरं सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आज पंचशीलाला म्हटलं, "गोळ्या तुझ्याजवळ ठेव, माझ्या हातून घेऊ नकोस."

ती म्हणाली, "तुम्हीच द्या आई. पण उद्या डॉक्टरांकडे चला, त्यांनाही सांगा."

उद्या जातेय.

तिला दुसरं पत्र लिहा, ताई. मला जे बोलायचं ते बोला, पण वेगळ्या कागदावर.

तुमच्या मुलीचा जीव आणि नाव, दोन्ही घालवायला निघालेली,
भीमाबाई