दिनविशेषातली शेवटची ओळ

२८ सप्टेंबर

आजच्या तारखेला पूर्वी काय काय घडलं, हे सांगायला कुणी पगार का देतं? पेपरातल्या नोकरीसाठी निघताना बाबांनी विचारलं. बाबांचं म्हणणं, झालं ते झालं. पंक्चर काढल्यावर गिऱ्हाईक काही खिळा घरी घेऊन जात नाही. सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाशी वाद घालून जिंकता येत नाही. शेवटी मी म्हटलं, बाबा, नोकरी टेबलखुर्चीची आहे. तेव्हा कुठे त्यांची कळी खुलली. आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिलीच आणि टेबलावर काम करणारीही पहिलीच.

खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून नदी दिसते, पलीकडे लाकडाची वखार. खाली न्हाव्याचं दुकान आहे. घरमालकीण एकट्याच राहतात. मला मावशी म्हण, असं त्यांनी दारातच सांगून टाकलं, म्हणजे तो प्रश्न मिटला. जिन्याखाली पुरुषांचे बूट होते, आरशासारखे चकचकीत. मुलाचे, म्हणाल्या. मुलगा दिसला नाही. मीही विचारलं नाही.

सामान लावलं. पुस्तकं खिडकीत ठेवली. फार छान वाटतंय.

४ ऑक्टोबर

आमचं दैनिक लहान आहे. संपादक अर्धा दिवस जाहिराती मिळवतात आणि उरलेला अर्धा दिवस त्या छापल्याबद्दल कुरकुरतात. पानं लावणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे तोंडावर फुटपट्टी म्हणतात, कारण ते संगणकाच्या पडद्यालाही पोलादी पट्टी लावून बघतात. त्यांना त्याचं काही वाटत नाही. अहो फुटपट्टी, म्हटलं की वळून बघतात.

माझ्याकडे दिनविशेष. घटना, जन्म, मृत्यू. आजची पहिली ओळ: १९५७, पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात. मला हे काम मनापासून आवडलंय. तारीख म्हणजे एक मोठी इमारत वाटते. वेगवेगळ्या सालांचे भाडेकरू शेजारीशेजारी राहतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. कुणाकडे तह, कुणाकडे भूकंप, कुणाकडे बारसं.

संध्याकाळी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून हे सगळं इथेच लिहिलं.

१५ ऑक्टोबर

आज भांडून एक ओळ मिळवली. राजे, लढाया आणि शोध यांच्या खाली शेवटी एक ओळ ‘आपल्या गावात’. साध्या माणसांच्याही आयुष्यात मोठे दिवस येतात, त्यांनी कुठे जायचं? संपादक म्हणाले, गावातलं छापलं की लोक तारखेवरून भांडायला येतात. लांबचे मेलेले राजे बरे, ते फोन करत नाहीत. मी ऐकेना, तेव्हा हात जोडून म्हणाले, घाल बाई.

फुटपट्टी पट्टी पुसत म्हणाले, छापलं की लोक विसरतात, म्हणून तर आपल्याला रोज पेपर काढावा लागतो.

२३ ऑक्टोबर

पहिली मोठी ओळ न्हाव्याची होती. जुना पूल कोसळला तेव्हा तो पलीकडच्या काठावर उभा होता. ही गोष्ट तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. गालाला साबण लागला की माणूस सापडला. मावशी म्हणतात, गावात दाढी वाढवणारे आहेत ते केवळ त्या पुलापायी.

परवा ओळ छापून आली. मी पेपर घेऊन खाली गेले. त्याने वाचली, अरे बापरे म्हणाला, आणि विचारलं, कुठला पूल हा?

मला वाटलं, थट्टा करतोय. पण आजही दुकानात शांतता होती. फक्त कात्री वाजत होती. एक गिऱ्हाईक उठताना म्हणालं, काय हो, आज अगदीच मुकाट? तो म्हणाला, सांगण्यासारखं काय आहे आपल्याकडे?

बहुतेक मी काहीतरी चुकीचं लिहिलं असणार आणि तो रुसला असणार.

९ नोव्हेंबर

आजच्याच तारखेला १९३८ साली जर्मनीत ज्यू माणसांच्या घरांच्या आणि दुकानांच्या काचा फुटल्या. आणि आजच्याच तारखेला १९८९ साली बर्लिनची भिंत उघडली, अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. तारखेला यातलं काहीच ठाऊक नसतं. हे कुणालातरी सांगावंसं वाटलं. मावशी झोपल्या होत्या.

डिसेंबरची आतली पानं बाहेरच्या मोठ्या छापखान्यात एकदम छापून येतात, म्हणून महिन्याभराचे दिनविशेष आत्ताच द्यायचेत. सतरा डिसेंबरला पहिलं विमान उडालं. ते उडवणाऱ्या भावांचं सायकलचं दुकान होतं, हे बाबांना फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, म्हणजे आपल्याच धंद्यातले की. मग जरा थांबून म्हणाले, तुझा जन्म पण त्याच तारखेचा आहे बघ. त्यांच्या खाली तुझी एक ओळ टाकता आली तर? एकदाच. गल्लीत दाखवीन.

मी आढेवेढे घेतले, माझा जन्म काही या गावातला नव्हे. मग टाकली. ‘सायकल कारागिराच्या घरात, घराण्यातल्या पहिल्या पदवीधर मुलीचा जन्म.’ लिहिताना कान तापले. फुटपट्टींनी पट्टी लावून पाहिली आणि म्हणाले, बरोबर बसतेय.

२२ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात मावशींनी आपणहून सांगितलं. मुलगा वखारीत होता. ओंडक्यांची रास घसरली. आजच्याच तारखेला. त्या दर रविवारी त्याचे बूट चमकवतात. त्याचंही नाव कुठेतरी असू दे, म्हणाल्या. आज ते छापून आलं. कामावर निघताना मी पेपर त्यांच्या हातात दिला. त्या चष्मा शोधत होत्या. वाचताना मी समोर नसावं म्हणून लगेच निघाले.

२३ नोव्हेंबर

सकाळी जाग आली तीच ताज्या कापलेल्या लाकडाच्या वासाने. खिडकी बंद होती.

खाली मावशी गाणं गुणगुणत होत्या. मला पेपर दाखवून म्हणाल्या, वाचलंस का, कुणाचा गं हा पोरगा, काय झालं असेल त्याच्या आईचं. मग जिन्याखालचे बूट उचलून म्हणाल्या, हे आधीच्या भाडेकरूचे राहिलेले दिसतात, कुणाला होतील तर देऊन टाक. चांगले आहेत.

मी जिन्यावर बसले. मला तो मुलगा दिसत होता. समोरचा दात तुटलेला, त्या फटीतून शीळ घालायचा. दाताचं मला कुणीही सांगितलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर

आज मावशींना सांगून टाकलं. सगळं, दातासकट. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा — आईला पहिल्यांदा कळतं तेव्हा जसा होत असेल तसा. माझा हात घट्ट धरला. खूप रडल्या. मग रडणं थांबलं, हात सुटला, आणि त्या इकडेतिकडे बघू लागल्या. म्हणाल्या, छातीत काहीतरी दुखतंय गं, काय झालंय मला?

दिवसभर त्या छातीवर हात ठेवून घरात फिरत होत्या. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं.

पुन्हा कुणाला सांगणार नाही.

१ डिसेंबर

आता शंका उरली नाही. शेवटच्या ओळीत जे छापून येतं ते गावातून निघून जातं. ज्यांचं होतं त्यांच्याकडून, शेजाऱ्यांकडून, सगळ्यांकडून. लोक ओळ वाचतात, हळहळतात, आणि ती त्यांना दुसऱ्या कुणाची तरी वाटते. आणि ते सगळं माझ्याकडे येतं. पुलाचा आवाज माझ्याकडे आहे. आज कचेरीत मी शीळ घालत होते. फुटपट्टी म्हणाले, हे कधी शिकलात? मला शीळ घालता येत नाही.

सतरा तारीख.

आत्ता, हे लिहिताना, आठवलं. सतरा तारीख.

३ डिसेंबर

संपादकांपुढे उभी राहिले आणि म्हटलं, डिसेंबरची पानं थांबवा. ते म्हणाले, गठ्ठे केव्हाच एजंटांकडे गेले, गावोगाव. कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, ते जास्त वाईट. खुर्ची पुढे केली, म्हणाले, एकटी राहतेस, वेळेवर जेवत जा, चार दिवस घरी जाऊन ये.

फुटपट्टी माझ्याबरोबर एजंटाच्या गोदामात आले. विश्वास ठेवून नाही, नुसतेच आले. छपराला टेकलेले गठ्ठे. त्यांनी एका गठ्ठ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बाई, हे मोजायलाही माझी पट्टी पुरायची नाही. बाबांच्या गावचे गठ्ठे तर आदल्या दिवशीच गाडीने गेले होते.

८ डिसेंबर

रोज एक ओळ निघतेय. सगळ्या मीच लिहिलेल्या. शाळेची आग गेली. ज्या मास्तरांनी मुलांना बाहेर काढलं ते हाताचे व्रण बघत बसतात म्हणे, कशाचे ते आठवत नाही. दोघा भावांचा समेट झाला होता तो दिवस गेला. ते पुन्हा बोलेनासे झाले.

सगळं माझ्याकडे. धुराने घसा बसलाय.

१३ डिसेंबर

आज पदवीदान आठवायला बसले. माझंच. पण बाजूने शीळ ऐकू येते, खालून पाणी — आणि मंचावर जाणारी मुलगी कुणीतरी वेगळीच वाटते. नक्की माझं काय आहे यातलं?

मावशी आनंदात आहेत. माझ्या खोलीत येतात, बसतात, बोलण्यासारखं काही नसतं, जातात.

१६ डिसेंबर

बाबांना फोन केला. पेपर घेऊ नका म्हटलं. ते हसले. एजंटाला दहा प्रती सांगून ठेवल्यात, गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे, कोपऱ्यावरच्या शिंप्याने तर कात्रणाला चौकटही आणलीय. मी म्हटलं, बरं. मग मला आत्ताच सांगा, मी झाले त्या दिवशी काय काय झालं? पूर्ण सांगा. ते म्हणाले, वेडी का गं, दुकानात चार गिऱ्हाइकं उभी आहेत. उद्या पेपर वाचतो आणि निवांत सांगतो.

आत्ताच सांगा बाबा, म्हटलं.

उद्या, म्हणाले. आणि ठेवला.

१७ डिसेंबर

सकाळी फोन केला. हॅलो, सायकलचं दुकान.

बाबा, म्हटलं.

कोण हवंय ताई? — आवाज तोच. गिऱ्हाइकाशी बोलतात तसा, मऊ. नंबर चुकला असेल, म्हणाले. मी ठेवत नाही बघून थोडं बोललेही. आज एजंटाने इथे दहा पेपर टाकून ठेवलेत, कुणी मागवले देव जाणे. त्यात कुण्या सायकलवाल्याच्या मुलीचं आलंय. आपल्याच धंद्यातला कुणीतरी. नशीबवान माणूस, म्हणाले.

आईला फोन दिला नाही. मी मागितलाही नाही. कोण म्हणून मागू —

१८ डिसेंबर

आला. तो दिवस. त्यांचा.

बाबा चाकाचा आस काढत होते. कुणीतरी धावत सांगायला आलं. तसेच पळाले, हात ग्रीसने काळे. मला घेईनात. हात मळलेत म्हणत भिंतीला टेकून उभे. आई म्हणाली, घ्या हो, धुतलं की जातं. घेतलं. पांढऱ्या कापडावर अंगठा उमटला. ते हसत होते आणि त्यांना ते कळत नव्हतं —

हे माझ्याकडे कशाला? हे त्यांचं आहे. परत द्यायचं तर कसं —

मावशींचा तो चेहरा. नाही.

१९ डिसेंबर

नोकरी सोडली. फुटपट्टींनी जानेवारीच्या पानांतून शेवटची ओळ कायमची काढली. का ते विचारलं नाही. त्या जागेत एक रेघ मारली.

मावशींना सांगितलं, जाते. बरं, म्हणाल्या. मग दारातून, काही राहिलं नाही ना?

२१ डिसेंबर

दुकानासमोर उभी राहिले. बाबांनी मान वर केली. काय झालंय सायकलला, म्हणाले. सायकल नव्हती माझ्याकडे. खोली मिळेल का, असं तोंडातून गेलं.

आईने मागची खोली दाखवली. माझी. इथे कुणी राहत नाही, म्हणाली, का बांधली कोण जाणे, आमचं दोघांचंच घर. भिंतीवर माझं प्रमाणपत्र आहे. हे इथे कुणाचं लटकतंय, म्हणून तिने पदराने पुसलं आणि तसंच ठेवलं. तुम्ही कुठल्या हो, असं विचारलं. मला. तुम्ही.

रात्री भिंतीपलीकडे दोघं बोलत होते. बाई एकटीच दिसते. असू दे, घरात पाऊल वाजेल.

२२ डिसेंबर

सांगणार नाही. एकदा सांगितलं तर आई ऐकेल, तिचा तसाच चेहरा होईल, आणि मग छातीवर हात ठेवून घरभर — नाही.

सकाळी तिने नाव विचारलं. मी एक नाव सांगितलं, पहिलं सुचलं ते. छान आहे, म्हणाली. बाबांनी नाव दोनदा म्हणून पाहिलं, विसरायला नको म्हणून. काळे हात पाठीमागे धरून उभे होते.

आत्ता आई बाहेरून हाक मारतेय. त्याच नावाने. मी ओ दिली आणि आता वही मिटतेय.