पाहुण्यांचा टॉवेल

ती. ताईस,

उजवा हात लिहितो आहे, डावा कमरेशी गुंतलाय, तेव्हा नमस्कार मनातल्या मनात. तब्येत कशी आहे हे नेहमीप्रमाणे विचारतो, पण या खेपेला उत्तर खरंच हवं आहे.

माणसाने पट्टा बांधावा तरी कुठे, या प्रश्नाकडे आजवर एकाही सरकारने लक्ष दिलेलं नाही. दीड महिना माझ्या कमरेवर, नेमका पट्ट्याखाली, नायटा आहे. ऑफिसात खाजवायला फायलींच्या कपाटामागे जावं लागतं (शिपायाला वाटतं मी रडायला जातो, परवा त्याने न बोलता पाण्याचा ग्लास आणून ठेवला). औषधाच्या दुकानदाराने न बघताच मलम दिलं. चार दिवसांत डाग गेला आणि आठव्या दिवशी भाऊबंद घेऊन परतला. तुझी भावजय म्हणाली, "दुकानदाराला दाखवून झालं असेल तर आता डॉक्टरलाही दाखवा."

दवाखान्यात एक बाई होत्या, हातांवर तुझ्यासारखंच कोड. मी शेजारची खुर्ची सोडून पार दाराशी बसलो. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं असावं. माझी कंबर तपासत म्हणाल्या, "त्यांच्यापासून लांब बसलात, बरं केलंत. वाचल्या बिचाऱ्या." मग पोराला सांगावं तसं सांगितलं: कोडात कातडीला रंग देणाऱ्या पेशी मरतात, ते शिवून किंवा कपड्यांतून कुणाला लागत नाही. नायटा बुरशीचा, तो टॉवेलातूनही लागतो. आणि दुकानदाराच्या मलमाने मी तो पोसत होतो.

टॉवेल म्हटल्यावर मी मान खाली घातली. अकरा वर्षं तू आलीस की कोपऱ्याला लाल दोरा घातलेला टॉवेल तुला मिळतो. 'पाहुण्यांचा आहे', असं मी सांगतो. सख्ख्या बहिणीला पाहुणी म्हणताना जीभ कधी अडखळली नाही. बाकीचे पाहुणे कुठला वापरतात, हे तू कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी विनोद केला असता, म्हणूनच विचारलं नसशील.

तुझा,
धाकटा

ता.क. मागच्या महिन्यात तू यायच्या आदल्या दिवशी माझा टॉवेल ओला होता, म्हणून मी तो लाल दोऱ्याचा वापरला आणि तसाच घडी करून ठेवला. (तुझ्यानंतर तो उकळला जायचा. माझ्यानंतर कशाला?) अंगावर कुठे गोल, लाल, खाजरं उठलं असेल तर थेट डॉक्टरकडे जा. कुणाकडून लागलं असं विचारलं तर माझं नाव सांग. भावजींनाही सांग.

आणखी ता.क. बैठकीतल्या भावंडांच्या फोटोत तुझे हात चौकटवाल्याने चुकून कापले, असं मी सांगितलं होतं. त्याला मीच सांगितलं होतं. मूळ फोटो सापडला. चौकट मोठी लागली. आज भिंतीवर लावला.